तळमजल्यावर परमिट रूम असलेल्या जुन्या इमारतीचा पुनर्विकास

गिरगाव किंवा लालबागमधील पागडीची, म्हणजे एकरकमी पैसे देऊन भाडेकरू राहत असलेली इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठीचा उपकर भरणारी आणि 30 सप्टेंबर 1969 पूर्वीची असेल, तर मुंबईच्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली 2034 मधील 33(7) हा विनियम आधी वाचावा. त्यानुसार किमान 51 टक्के भोगवटादारांची लेखी संमती आणि म्हाडाच्या दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. निवासी भाडेकरूस किमान 300 चौरस फूट चटई क्षेत्र मिळते, तर गाळेधारकास मूळ गाळ्याइतके. परमिट रूमचालक हाही भाडेकरूच असतो आणि वर्षानुवर्षे साऱ्या गल्लीचा राबता सांभाळलेल्या त्या माणसाला शेवटी विचारणे मला अन्यायाचे वाटते. म्हणून पहिल्याच सभेला त्याला बोलवावे.

खरी कसोटी नकाशात असते. परमिट रूमच्या थेट वर शयनगृहे ठेवण्याऐवजी मध्ये वाहनतळाचा मजला घेतल्यास आवाज पुष्कळ अडतो. स्वयंपाकघराचा धूर स्वतंत्र धुराड्यातून गच्चीच्याही वर सोडावा, सांडपाण्याच्या वाहिनीवर तेलकट गाळ अडवणारी टाकी बसवावी आणि रहिवाशांचा जिना व लिफ्ट यांचे प्रवेशद्वार दुसऱ्या बाजूस काढावे. निवासी क्षेत्रात रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे, हे वास्तुविशारदास आरंभीच सांगावे.

बांधकामाच्या काळात मद्यपरवान्याचे काय करायचे, हे राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून लेखी घेतल्याशिवाय गाळा रिकामा करू नये. पर्यायी जागेच्या करारनाम्यात गाळ्याचे क्षेत्रफळ, दर्शनी रुंदी आणि तात्पुरते भाडे स्पष्ट लिहून त्याची नोंदणी करावी.