वॅगनआर घेताय? व्हेरियंट निवडताना आणि नंतर चालवताना या चुका टाळा

आमच्या मेहुण्याने गाडी बुक केल्या केल्या फोन केला, "दाजी, टॉप मॉडेल सीएनजी घेतली." म्हटलं कुठलं टॉप रे बाबा, वॅगनआरला कंपनीची सीएनजी फक्त खालच्या एलएक्सआय आणि व्हीएक्सआय व्हेरियंटमध्ये येते, वरच्या झेडएक्सआयला मिळतच नाही. मग उलगडा झाला. सेल्समनने सीएनजीमधलं टॉप म्हणजे व्हीएक्सआय दाखवलेलं आणि ह्याच्या डोक्यात अलॉय व्हील, ड्युअल टोन म्हणजे दोन रंगवाला फोटो, जो झेडएक्सआय प्लसचा. मागच्या काचेला वायपर नाही हे तर त्याला पहिल्या पावसातच कळलं, आणि ह्या गाडीचा मागचा भाग उभा सरळ असल्यामुळे चिखल थेट काचेवर येतो, म्हणजे वायपर हवाच.

पहिली चूक हीच, नाव बघून बुकिंग. आधी इंजिन आणि गिअर ठरवा, मग व्हेरियंट शोधा. १.० लिटर इंजिन ६७ पीएस पॉवरचं, १.२ लिटर ९० पीएसचं. १.२ हवं तर झेडएक्सआयच्या खाली बघायचंच नाही, एजीएस म्हणजे ऑटो गिअर हवा तर एलएक्सआयमध्ये नाही, आणि सीएनजी पाहिजे तर १.० मॅन्युअल हाच एक रस्ता. "सीएनजी ऑटोमॅटिक कधी येणार" विचारत वर्षभर थांबलेले लोक मला माहितीयेत, त्यांनी सरळ टाटाची टियागो बघावी, तिच्यात २०२४ पासून सीएनजीला एएमटी, म्हणजे असाच ऑटो गिअर आहे.

दुसरं, "नवीन मॉडेल आलंय" ह्या वाक्यावर भाळू नका. आत्ताची बॉडी जानेवारी २०१९ ची आहे. २०२२ मध्ये ड्युअलजेट (प्रत्येक सिलेंडरला दोन इंजेक्टरवाली) इंजिनं आली आणि २०२५ मध्ये सगळ्या व्हेरियंटला सहा एअरबॅग स्टँडर्ड झाल्या. जुनी घेणाऱ्याने हे टप्पे लक्षात ठेवावेत, कारण दिसायला २०१९ ची आणि २०२४ ची गाडी जवळपास सारखीच आणि विकणारा दोन्हीला "लेटेस्ट शेप"च म्हणतो. आणि सहा एअरबॅग म्हणजे क्रॅश टेस्टमध्ये पाच स्टार असं अजिबात नाही हां. २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅप ह्या क्रॅश टेस्ट घेणाऱ्या संस्थेने दोन एअरबॅगवाली वॅगनआर आपटून बघितली तेव्हा मोठ्यांसाठी एक स्टार मिळाला, लहान मुलांसाठी शून्य, आणि बॉडीचा सांगाडा अस्थिर ठरला. एअरबॅग वाढवल्या हे चांगलंच झालं पण सांगाडा त्याने बदलत नाही. मुलांना मागे बसवा आणि बेल्ट लावा, मागचा पण.

आता सीएनजीवाल्यांसाठी जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त रडगाणं इथेच असतं. कागदावरचं ३४.०५ किलोमीटर प्रति किलो हे चाचणीतलं ॲव्हरेज आहे, शहरात एसी लावून ते पडणार नाही. ३४१ लिटरची डिकी सिलेंडर खातो, गावाला जाताना बॅगा मांडीवर. सीएनजीवर पॉवर ५७ पीएस, म्हणजे पाच माणसं, एसी आणि कसारा घाट असं जुळून आलं की गाडी कण्हायला लागते आणि लोक चौथ्या गिअरमध्येच ॲक्सिलरेटर दाबत बसतात. तसं करू नका, वेळेत दुसऱ्यावर या, फारच दम लागला तर स्विच मारून पेट्रोलवर घ्या, त्यासाठीच तो दिलाय. आणि पेट्रोलची टाकी कायम रिझर्व्हवर ठेवायची सवय सोडा, गाडी पेट्रोलवर स्टार्ट होऊन मग गॅसवर जाते, टाकीत खडखडाट असेल तर गाडीतल्या फ्युएल पंपाची वाट लागते आणि सकाळी सेल्फ मारत बसावं लागतं. दर तीन वर्षांनी सिलेंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी लागते, तारीख प्लेटवर असते, ती मोबाईलमध्ये टाकून ठेवा. गॅसचा वास आला तर आधी गाडी बंद, काचा खाली, सगळे बाहेर. लायटर-बियटरने लीक शोधणारे महाभाग मी पाहिलेत.

एजीएसवाल्यांची तक्रार ठरलेली, "झटके देते". अहो आत क्लचच आहे, फक्त तुमच्या पायाऐवजी मशीन दाबतंय. गिअर बदलताना ॲक्सिलरेटर किंचित सोडा, झटका निम्मा होतो. चढावर सिग्नल लागला की ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, क्लच जळतो, सरळ ब्रेक दाबून थांबा. घाट उतरताना एम म्हणजे मॅन्युअल मोडमध्ये टाकून खालचा गिअर धरा, नुसत्या ब्रेकवर उतरलात तर पायथ्याला वास येईल.

सिग्नलला इंजिन आपोआप बंद पडलं म्हणून घाबरून वर्कशॉप गाठणारेही आहेत. ते आयडल स्टार्ट-स्टॉप आहे, नको असेल तर बटण दाबून बंद करा. उलट कधीकधी ते चालतच नाही, तेव्हा इंजिन थंड असतं, एसीवर लोड असतो नाहीतर बॅटरी उतरलेली असते. बॅटरी बदलताना मात्र स्टार्ट-स्टॉपला चालणारीच मागा, दुकानदार स्वस्तातली साधी टेकवतो आणि ती लवकर बसते.

पैशाचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ह्या गाडीवर जीएसटी १८ टक्के आहे, आधी सेस धरून २९ होता, त्यामुळे कोणाच्या जुन्या कोटेशनशी तुलना करून भांडू नका. इन्शुरन्स शोरूमचाच घ्यायची सक्ती नसते, बाहेरून दोन कोटेशन मागवा. आणि पैसे भरायच्या आधी चेसिस नंबर घेऊन बनावटीचा महिना-वर्ष विचारा, जानेवारीत मागच्या वर्षीची गाडी फुल रेटने गळ्यात मारायला बघतात. मेहुण्याची तशीच निघाली होती, पण त्याने मला फोन केला तो टोकन दिल्यावर.