सॅक्रोइलिअॅक सांध्याचा ‘नॉर्मल’ अपटेक मोजण्याआधी

हाडांच्या स्कॅनमध्ये सॅक्रोइलिअॅक सांधा (सेक्रम, म्हणजे माकडहाडाच्या वरचं त्रिकास्थी, आणि कटीचं हाड यांच्यामधला) किती किरणोत्सारी औषध ओढतो, तो त्याचा अपटेक. त्यासाठी दुसऱ्यांचा नॉर्मल आकडा उसना घेऊ नका. कॉलिमेटर (कॅमेऱ्यापुढची शिशाची जाळी), वेळ किंवा आरओआय (चित्रावर मोजणीसाठी आखलेला भाग) बदलला की सांधा-सेक्रम गुणोत्तरही (सांध्याचे काउंट, म्हणजे मोजलेले किरण, भागिले सेक्रमचे) बदलतं; आपल्या कॅमेऱ्याचं नॉर्मल आपणच काढायचं.

आधी माणसं निवडा. कंबरदुखी, सोरायसिस, आतड्याचा दाह, जुनं कटीचं फ्रॅक्चर, लंगडणं यांपैकी काहीही असलं तर तो माणूस वगळा. लंगडणाऱ्याचा भार एका बाजूला जातो, त्या बाजूचा सांधा उजळतो. नुकतीच बाळंत झालेली बाईही नको. वाढीचं वय संपलेलं हवं. वय, लिंग नोंदवा. गरोदरपण विचारा, संमती घ्या.

टेक्निशियम-९९एम एमडीपी (हाडात बसणारं किरणोत्सारी औषध), प्रौढाला साधारण २० मिलिक्युरी. किटच्या बाटलीत हवा शिरू देऊ नका. मोकळं परटेक्निटेट (एमडीपीला न जोडलेलं टेक्निशियम) उरलं की जठर आणि थायरॉइड दिसू लागतात. शुद्धता ९५ टक्क्यांच्या खाली असेल तर तो डोस द्यायचाच नाही.

टोचल्यावर भरपूर पाणी, तीन तासांनी चित्रण. सगळ्यांना तीनच, कुणाला दोन, कुणाला चार असं केलंत तर तुलना संपली.

आणि लघवी! टेबलावर चढण्याच्या अगदी आधी. तासाभरापूर्वी ‘जाऊन आलो’ म्हणाले तर ते धरायचं नाही, पुन्हा पाठवा. मूत्राशय सेक्रमच्या पुढ्यात असतं आणि औषध लघवीतही उतरतं. भरलेलं असलं की मागून घेतलेल्या चित्रातही त्याचे काउंट सेक्रममध्ये मिसळतात. भाजक फुगतो, गुणोत्तर खोटं खाली येतं, आणि आकडा इतका साळसूद दिसतो की शंकाच येत नाही. मागच्या खेपेला नेमकं हेच राहिलं होतं. नंतर संगणकावर हे धड दुरुस्त होत नाही. म्हणून फॉर्मवर लघवीच्या वेळेचा रकाना ठेवा. तो रिकामा असेल तर चित्र घ्यायचं नाही. कपड्यावर थेंब सांडला असेल तर कपडा बदला.

उताणं झोपवा, कंबरेची दोन्ही हाडं समपातळीत. कटी तिरकी असली की कॅमेऱ्याजवळची बाजू जास्त उजळते आणि डावं-उजवं फरक खोटा निघतो. डिटेक्टर जवळ, १४० केईव्ही (किरणांची ऊर्जा), २० टक्के विंडो (तिच्याभोवती मोजायचा ऊर्जेचा पट्टा), २५६ मॅट्रिक्स (चित्रातले पिक्सेल, २५६ × २५६), निदान पाच लाख काउंट.

आरओआयचा आकार आधी ठरवा, सगळ्यांना तोच. सेक्रमचा वरच्या भागात, मध्यावर. खाली सरकलात की पुन्हा मूत्राशय. प्रति पिक्सेल सरासरी घ्या, एकूण बेरीज नको. दोघांनी स्वतंत्रपणे काढा. डावं, उजवं वेगळं लिहा. वयोगट वेगळे. लघवीचा रकाना पुन्हा एकदा तपासा.