व्हेटसर्ट रिन्यू करताय? आधी सॅम उघडून बघा

अमेरिकेत व्हेटरनच्या, म्हणजे माजी सैनिकाच्या, छोट्या बिझनेसचं सरकारी सर्टिफिकेट (व्हेटसर्ट) 3 वर्षं चालतं, आणि 2023 पासून हे काम व्हीएकडून (माजी सैनिकांचं सरकारी खातं) एसबीएकडे (छोट्या बिझनेसचं सरकारी खातं) गेलंय, त्यामुळे जुन्या व्हीएच्या लिंक शोधत बसू नका. रिन्यूअल एक्स्पायरीच्या 120 दिवस आधीपासून करता येतं. पहिल्याच आठवड्यात बसा, खरंच सांगतो, शेवटच्या महिन्यावर ठेवलं की एखादा कागद कमी निघतो आणि जीव टांगणीला लागतो.

सगळ्यात आधी सॅम डॉट गव्ह, म्हणजे सरकारी कामं घेणाऱ्या कंपन्यांची नोंदणी होते ती सरकारी साइट. ते रजिस्ट्रेशन दरवर्षी रिन्यू करावं लागतं, आणि तिथलं कंपनीचं नाव, पत्ता, यूईआय (कंपनीचा सरकारी ओळख नंबर) अर्जाशी अगदी तंतोतंत जुळायला हवं, नावातल्या ‘एलएलसी’च्या आधीचा कॉमासुद्धा बघून घ्या.

मग मालकी. व्हेटरनकडे किमान 51 टक्के हवेत आणि रोजचा कारभारही त्याच्याच हातात हवा. मधल्या काळात पार्टनर आला, शेअर बदलले, ऑपरेटिंग अ‍ॅग्रीमेंट (कंपनी कोण, कशी चालवणार याचा करार) बदललं तर नवीन सही केलेली कॉपीच लावा, कारण त्यातलं एखादं कलम पार्टनरला व्हेटो देत असेल तर कंट्रोलचा प्रश्न येतो, आणि लोक नेमकं तेच वाचत नाहीत.

आणि हो, फी शून्य आहे. पैसे मागणारा फोन आला तर सरळ ठेवून द्या.