अटक झाली त्या रात्री: वेळ लिहा, कागद मागा

एका शनिवारी दुपारी कोर्टाच्या आवारात एक बाई मोबाइल पुढे धरून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. स्क्रीनवर कॉलची यादी होती. गुरुवार, संध्याकाळचे ७ वाजून १२ मिनिटं, बहिणीला केलेला फोन. "ताई, पोरगा जीपमध्ये बसला आणि मी लगेच हा फोन लावला," त्या म्हणाल्या. पोलिसांच्या कागदावर मात्र अटकेची वेळ होती शुक्रवार, दुपारी ३ वाजून ४० मिनिटं.

मी विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवरची वकील आहे, तालुक्याच्या कोर्टात रिमांडचं, म्हणजे अटकेतल्या माणसाला कोठडीत ठेवायचं का हे जिथे ठरतं ते काम बघते. अटक करून आणलेल्या ज्या माणसाला वकील नसतो, त्याच्यासाठी उभी राहते. या कामात एक गोष्ट मला पक्की कळली आहे. संविधानाने आरोपीला दिलेले हक्क पहिल्या चोवीस तासांत घरच्यांच्या हातात असतात, आणि ते वेळेच्या नोंदीवर आणि कागदावर टिकतात. म्हणून हे सगळं घरच्यांसाठी लिहिते आहे.

सुरुवात त्या वेळेपासूनच करते. संविधानाचं कलम २२ सांगतं की अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं केलंच पाहिजे. प्रवासाला लागलेला वेळ तेवढा यातून वगळतात. ठाण्यात मात्र अनेकदा माणसाला आधी "चौकशीला" आणून बसवतात आणि अटक दुसऱ्या दिवशी "दाखवतात". दाखवतात हाच शब्द तिथे वापरतात. पण माणसाला आपल्या मर्जीने उठून जाता येत नाही, त्या क्षणापासून तो अटकेतच असतो. मुंबई उच्च न्यायालयाने हे १९९० मध्येच स्पष्ट सांगितलं आहे. तेव्हा घरातून माणूस नेला की रडण्याआधी, नातेवाइकांना गोळा करण्याआधी एक मेसेज टाका, कुणालाही: "आत्ता ७ वाजून १० मिनिटांनी अमुक ठाण्याचे पोलीस याला घेऊन गेले." तो मेसेज हाच तुमचा पुरावा. गाडीचा नंबर, गणवेशावरच्या नावपट्टीवरचं नाव आणि सोबत कोण शेजारी उभं होतं, हेही त्यात घाला. दुकानाचा, सोसायटीचा किंवा चौकातला कॅमेरा असेल तर मालकाला त्याच रात्री सांगा की ते चित्रण पुसू नका. बऱ्याच ठिकाणी ते काही दिवसांत आपोआप पुसलं जातं.

त्या आईने हे काहीच ठरवून केलं नव्हतं. घाबरून बहिणीला फोन केला, एवढंच. पण गुरुवार संध्याकाळ ते शनिवार दुपार हे जवळजवळ एक्केचाळीस तास होतात. कागदावर ते वीस दिसत होते.

आता ठाण्यात गेल्यावर काय करायचं ते सांगते. एकटे जाऊ नका, आणि दहा जणांचा घोळकाही नेऊ नका. दोघं पुरेत. ठाणे अंमलदाराला शांतपणे विचारा: याला अटक केली आहे का? गुन्हा रजिस्टर नंबर काय? तपास अधिकारी कोण? "अटक नाही, नुसती चौकशी आहे," असं उत्तर आलं तर नम्रपणे म्हणा, "मग नोटीस द्या साहेब, हजर राहू." अटक गरजेची नसेल तिथे लेखी नोटीस देऊन बोलवावं, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याचं, कलम ३५ सांगतं. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात दिला. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना तशी कारणं लिहावी लागतात. ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, असंही न्यायालयाने २०२५ मध्ये बजावलं आहे. तरी मोबाइलवर आली तर तिच्याकडे दुर्लक्ष करू नका, वकिलाला दाखवा.

अटक झालीच असेल तर दोन कागद मागा.

पहिला अटकेचा पंचनामा. त्यावर अटकेची तारीख, वेळ आणि ठिकाण असतं. घरचा माणूस किंवा वस्तीतला प्रतिष्ठित माणूस साक्षीदार म्हणून सही करतो आणि अटक झालेल्याचीही सही लागते. हे बंधन सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या डी. के. बसू निकालातून आलं आणि नंतर कायद्यात बसलं. सही करायला तुम्हाला बोलावलं तर आधी वेळ वाचा. चुकीची असेल तर सहीच्या वर आपल्या हाताने लिहा: "प्रत्यक्षात गुरुवारी संध्याकाळी ७ वाजता घरून नेले." तसं लिहू देत नसतील तर सही करू नका आणि बाहेर येऊन तेवढंच मेसेज करून ठेवा.

दुसरा कागद अटकेच्या कारणांचा, आणि इथे बहुतेक जण फसतात. "कलम ३०३, चोरी" हे झालं गुन्ह्याचं नाव. अटकेचं कारण म्हणजे कुठल्या दिवशी, कुणाची, कुठली वस्तू, आणि या माणसावर संशय का, हे सगळं. ते कळल्याशिवाय वकील जामिनासाठी बोलणार काय? नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गुन्हा कुठलाही असो, ही कारणं लेखी आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत दिली पाहिजेत. अगदीच अडचण असेल तर आधी तोंडी सांगता येतात, पण रिमांडसाठी कोर्टात उभं करण्याच्या निदान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे. नाहीतर अटक बेकायदा ठरू शकते. मराठी माणसाला इंग्रजी कागद दिला असेल तर तेही वकिलाच्या कानावर घाला.

हे कलम २२ संविधानाच्या मूळ मसुद्यात नव्हतं. व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमावर घटना समितीत बरीच टीका झाली, तेव्हा सप्टेंबर १९४९ मध्ये बाबासाहेबांनी ते नव्याने मांडलं. चोवीस तासांचा आणि कारण सांगण्याचा नियम फौजदारी प्रक्रिया संहितेत आधीपासून होता. पण साधा कायदा विधिमंडळ बदलू शकतं. तेच संविधानात घातलं की कुणाला सहज काढता येत नाही, असा त्यांचा विचार होता. रिमांडच्या वेळी कलम २२ चा उच्चार करताना मला हे दर वेळी आठवतं.

ठाण्याबाहेर कुणीतरी जवळ येतो आणि म्हणतो, "साहेबांशी माझं बोलणं आहे, कलम कमी करून देतो." त्याला एक रुपयाही देऊ नका. वकिलासाठी पैसे नसतील तर १५१०० वर फोन करा, ती विधी सेवा प्राधिकरणाची मदतवाहिनी आहे. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्याचं उत्पन्न कितीही असलं तरी. तालुका कोर्टाच्या इमारतीतच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. रविवारी आणि सणाच्या दिवशीही रिमांडसाठी न्यायदंडाधिकारी उपलब्ध असतात, म्हणून "आता सोमवारीच" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

अटकेतल्या माणसाला भेटायला मिळालं, दोनच मिनिटं का होईना, तर त्याला तीन गोष्टी सांगा. कोऱ्या कागदावर सही करायची नाही. पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही लागतच नाही, कायद्यानेच त्याला मनाई आहे. आणि ज्या प्रश्नाच्या उत्तराने स्वतःच अडकू, तिथे "मला वकिलाशी बोलायचं आहे" एवढंच म्हणायचं. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कुणावर करता येत नाही, हे संविधानाचं कलम २०(३). ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांच्या १९७८ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे संरक्षण कोर्टात आहे तसंच पोलीस ठाण्यातही आहे. नार्को चाचणीही संमतीशिवाय करता येत नाही, हे २०१० मध्ये ठरलं. बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना मात्र या संरक्षणात येत नाही, तिथे अडून बसू नका. चौकशी सुरू असताना वकिलाला भेटता येतं, पूर्ण वेळ शेजारी बसवता येत नाही.

पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्यातली पळवाट फारशी ठाऊक नसते. "वस्तू कुठे लपवली ते दाखवतो" असं म्हणत पंचांसमोर लिहिलेला निवेदन पंचनामा असतो. त्याप्रमाणे वस्तू सापडली की तेवढा भाग आरोपीविरुद्ध वापरता येतो. म्हणून न वाचता अशा कागदावर अंगठा उठवणं फार महागात पडतं.

बाई असेल तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवाद केला तर महिला अधिकारी हवी आणि तिने लेखी अहवाल देऊन न्यायदंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घेतलेली हवी. मुलगा किंवा मुलगी अठराच्या आतली असेल तर लॉकअपमध्ये ठेवताच येत नाही, तिला बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र घेऊन धावत जा, कारण पोरगा दांडगा दिसतो म्हणून वय "अंदाजे १९" लिहिलेलं मी पाहिलं आहे.

आता कोर्ट. पहिल्या वेळी माणसाला प्रत्यक्ष हजर करावं लागतं, व्हिडिओवरून भागत नाही. तो दाराशी उभा असतो, एक शिपाई त्याचं मनगट धरून. पुकारा होतो. न्यायदंडाधिकारी विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" आणि दहातले नऊ जण "नाही" म्हणतात. दोन सेकंदांत ते संपतं आणि "तक्रार नाही" असं लिहिलं जातं. मनगट अजून शिपायाच्या हातात असतं आणि रात्री परत त्याच कोठडीत जायचं असतं, हे त्या "नाही" मागे असतं.

त्या आईच्या मुलानेही तेच केलं. मी त्याच्या शेजारी गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "तक्रार करू नकोस. फक्त सांग, घरून कधी आणलं." त्याने मान वर केली. "गुरुवारी. आई भात लावत होती." मग मी कॉलची यादी पुढे केली. न्यायदंडाधिकाऱ्यांनी मुलाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहून घेतलं, पोलीस कोठडी नाकारून न्यायालयीन कोठडी दिली, आणि चार दिवसांनी जामीन झाला.

म्हणून तुमच्या माणसाला निरोप पोचवा: कोर्टात विचारतील तेव्हा आधी वेळ सांग, मग मार लागला असेल तर कुठे लागला ते दाखव. अटकेनंतर वैद्यकीय तपासणी व्हावी लागते. डॉक्टरांसमोरही जखम दाखवून "केव्हा झाली" ते सांगायचं, कारण अहवालात अंदाजे वेळ लिहिली जाते. त्या अहवालाची प्रत मागा, ती आरोपीला किंवा त्याने नेमलेल्या माणसाला मिळते.

गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन हा हक्कच आहे, तो ठाण्यातूनच मिळायला हवा. जामीनदार मिळत नसेल आणि आठवडा गेला, तर माणूस निर्धन आहे असं धरून जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय नुसत्या त्याच्या स्वतःच्या हमीवर, सोडायचं, हेही कायद्यात आहे. हे माहीत नसल्याने माणसं महिनाभर आत राहतात, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

प्रतिबंधात्मक स्थानबद्धता, म्हणजे पुढे गुन्हा करू नये म्हणून आधीच डांबणारी एमपीडीए कायद्यासारखी कारवाई, असेल तर चोवीस तासांचा नियम लागू होत नाही. तिथे स्थानबद्धतेचे आधार मागा आणि लगेच लेखी निवेदन द्या. संघटित गुन्हेगारीविरुद्धचा मोक्का, दहशतवादाविरुद्धचा यूएपीए अशा कायद्यांत जामीन अवघड आहे, पण अटकेची लेखी कारणं तिथेही द्यावीच लागतात.

माणूस आतच राहिला तर घरच्या कॅलेंडरवर पहिल्या रिमांडच्या तारखेला गोल करा आणि तिथून साठ दिवस मोजा. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षांहून कमी नसलेली शिक्षा असेल तर नव्वद. तोवर आरोपपत्र आलं नाही, तर गुन्हा गंभीर असला तरी जामीन मागायचा हक्क उभा राहतो; मोक्का, यूएपीएत मात्र कोर्ट ही मुदत वाढवू शकतं. पण तो आपोआप मिळत नाही. आरोपपत्र दाखल व्हायच्या आधी अर्ज पडला पाहिजे. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी कोर्ट उघडतानाच वकिलाला घेऊन दारात उभे राहा, आणि अर्जाच्या आपल्याकडे राहणाऱ्या स्थळप्रतीवर लिपिकाकडून तारखेसोबत वेळही घालून घ्या.