घमेल्याएवढा सूर्य, ज्वारीएवढी पृथ्वी

पाठ्यपुस्तकातल्या चित्रात आठही ग्रह एका पानावर मावतात. छापणाऱ्यांचाही इलाज नाही, पण त्यामुळं पोरांना वाटतं की ग्रह म्हणजे ताटात मांडलेले लाडू. म्हणून सहावी ते आठवीला हा पाठ मी वर्गात घेतच नाही. अंबाजोगाई तालुक्यातल्या आमच्या शाळेपुढून सरळ पांदण रस्ता जातो, तिथं घेतो. दीड किलोमीटर वाट लागते.

सामान घरातलंच. सूर्याला 44 सेंटिमीटरचं घमेलं, बाहेरून पिवळं रंगवलेलं. पृथ्वी आणि शुक्र म्हणजे मालदांडीचे टपोरे दाणे, साधारण 4 मिलिमीटरचे. बुधाला मोहरी, मंगळाला बाजरी. गुरूला लिंबू, शनीला त्याहून जरा लहान लिंबू. शनीची कडी पुठ्ठ्यातून साडेआठ सेंटिमीटर रुंद कापा. युरेनस आणि नेपच्यून या दोन गोट्या. दाणे मात्र पुठ्ठ्यावर फेविकॉलनं चिकटवून काठीला बांधा. पहिल्या वर्षी मी नुसते दगडावर ठेवले होते. "सर, पृथ्वी कोंबडीनं खाल्ली!" म्हणत पोरं पळत आली.

आता सुतळी. टेपनं मोजून 47 मीटर कापा. ही आमची 'पृथ्वीदोरी', म्हणजे सूर्य ते पृथ्वी हे सुमारे 15 कोटी किलोमीटर.

दोरी उलगडण्याआधी प्रत्येकाला विचारा, ज्वारीचा दाणा घमेल्यापासून किती लांब ठेवायचा? उत्तर वहीत लिहून घ्या. ही पायरी गाळू नका, सगळी गंमत तिच्यातच आहे. बहुतेक जण दोन-चार पावलं लिहितात. मग दोरी ताणत गेलं की चेहरे बघण्यासारखे होतात. बुध 18 मीटरवर, म्हणजे क्रिकेटच्या पिचपेक्षा थोडा अलीकडं. शुक्र 34 वर, मंगळ 72 वर. पुढं दोरीनंच मोजा: गुरू 5.2 दोऱ्या, शनी 9.6, युरेनस 19, नेपच्यून 30. गुरूपर्यंत पोरं उड्या मारत जातात, शनीनंतर तोंडं उतरतात. उतरू द्या. तो कंटाळाच अंतर शिकवतो. नेपच्यूनपाशी मागं वळून बघायला सांगा, घमेल्याचा ठिपका उरतो.

चंद्र विसरू नका. राजगिऱ्याचा दाणा, पृथ्वीच्याच पुठ्ठ्यावर 12 सेंटिमीटरवर. माणूस आजवर एवढंच लांब जाऊन आलाय.

मापं खरी आहेत कशावरून, असं एखादं चौकस पोरगं विचारतंच. त्यासाठी पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी सकाळच्या शाळेत हा पाठ ठेवा. सातच्या सुमाराला चंद्र पश्चिमेला असतो. 47 मीटरवर उभं राहून हात लांब करायचा, करंगळीनं आधी घमेलं झाकायचं, मग चंद्र. दोन्ही सारखेच दिसतात. आकाशात सूर्यही चंद्राएवढाच दिसतो, म्हणजे मापं जुळली. सूर्याकडं थेट बघायचं नाही, हे मात्र दटावून सांगा.

ग्रह असे एका रांगेत कधीच उभे नसतात, हेही तिथंच सांगून टाका.

घरून दोन प्रश्न हमखास येतात. आई-बाबा नऊ ग्रह शिकलेत. 24 ऑगस्ट 2006 ला प्रागमध्ये खगोलशास्त्रज्ञांनी प्लूटोला बटुग्रह ठरवलं, एवढं पुरतं. दुसरा प्रश्न नवग्रहांचा. त्याची टिंगल करू नका. सांगा की ती यादी डोळ्यांनी आकाश बघणाऱ्यांची; त्यात सूर्य-चंद्र आले, पण युरेनस नाही, कारण तो 1781 मध्ये हर्शेलला दुर्बिणीतून सापडला.

आमची निम्मी पोरं दिवाळीच्या सुमाराला आईबापांसोबत ऊसतोडीला जातात. म्हणून हा पाठ मी वर्षातून दोनदा घेतो. दुसऱ्यांदा ती परत आल्यावर, एप्रिलमध्ये. तेव्हा दोरी मी धरत नाही, गावात राहिलेली पोरं धरतात.

गेल्या खेपेला फडावरून आलेल्या एका पोरीनं विचारलं, "सर, दुसरं घमेलं कुठंय?" आम्ही वर्गात येऊन गणित केलं. सूर्याला सगळ्यात जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, आमच्या पांदणीच्या मापानं साडेबारा हजार किलोमीटरवर निघाला, म्हणजे न्यूयॉर्कच्या आसपास. आणि तो घमेल्याएवढा नाही, कांद्याएवढा.