लिमिटेड एडिशन टॉय सोल्जर घेताय? आधी या चुका टाळा

मागच्या आठवड्यात एका मित्राचा फोन आला, त्याच्या लंडनच्या काकांनी १९८० नंतरच्या काळात घेतलेले ब्रिटन्सचे, म्हणजे खेळण्यातले धातूचे सैनिक बनवणाऱ्या जुन्या इंग्लिश कंपनीचे, आठ-दहा लिमिटेड एडिशन सेट आता त्याच्याकडे आलेत, सगळे बॉक्समध्ये, सर्टिफिकेटसकट, एकदाही खेळायला न काढलेले, तर किती येतील म्हणे. मी खरं काय ते सांगितलं आणि तो बराच वेळ गप्पच झाला. काकांनी जेवढे पाऊंड मोजले होते तेवढे परत मिळाले तरी खूप, अशी परिस्थिती आहे. म्हणून हे लिहितोय.

पहिली चूक हीच, की बॉक्सवर लिमिटेड लिहिलंय म्हणजे दुर्मीळ आहे असं समजणं. एकूण किती सेट काढले तो आकडा बघा आधी! त्या काळातल्या बऱ्याच एडिशन हजारोंच्या संख्येत निघाल्या आणि घेणारा प्रत्येक जण कलेक्टरच होता, त्यामुळे प्रत्येकाने सेट जपून कपाटात ठेवला, म्हणजे आज बाजारात जवळजवळ सगळेच कोरे करकरीत आहेत. जुन्या मालाचं उलट होतं. ब्रिटन्सने १८९३ मध्ये पोकळ ओतकामाचे शिशाचे सैनिक काढले आणि १९६६ मध्ये ते बंद केले, या सगळ्या वर्षांत ते लाखोंनी खपले पण खेळले कोण, तर पोरं. मुंडकी तुटली, बंदुका वाकल्या, बॉक्स फाटून केरात गेले. त्यातून जो सेट त्याच्या मूळ लाल बॉक्समध्ये, आतल्या पुठ्ठ्याला दोऱ्याने बांधलेला तसाच वाचला, तो खरा दुर्मीळ, आणि त्याच्यावर लिमिटेड असं कुठेही छापलेलं नसतं. आपल्याकडच्यांना माहीत नसतं पण ब्रिटन्सच्या जुन्या कॅटलॉगात बॉम्बे लान्सर्स आणि बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री या इंग्रजांच्या काळातल्या हिंदी पलटणींचे पण सेट होते, असा एखादा चांगल्या कंडिशनमधला समोर आला की मला अजून धडधडतं.

आता "रिटायर्ड" या शब्दाबद्दल. हाँगकाँगची किंग अँड कंट्री किंवा तसे बाकीचे ब्रँड जुने सेट बंद करतात आणि लगेच विकणारे रिटायर्ड लिहून भाव चढवतात. बंद झालं हे खरं, पण मागणी आहे का? दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन टायगर टँकसारखा लोकप्रिय विषय असेल तर कंपनी काही वर्षांनी त्याचंच आणखी चांगलं मॉडेल काढते आणि मग जुन्याला कोण विचारतो. स्केल पण बघा, ब्रिटन्सचे जुने ५४ मिमीचे आणि किंग अँड कंट्रीचे त्याहून मोठे, साधारण ६० मिमी, एका शेल्फवर शेजारी उभे केले की नीट दिसत नाहीत, त्यामुळे गिऱ्हाईक पण वेगवेगळं असतं.

किंमत ठरवताना ईबेवर लोक काय मागतायत ते बघू नका, सोल्ड लिस्टिंग बघा, म्हणजे खरंच कितीला गेलं ते. मागणाऱ्याला काय, तो काहीही मागेल. लिलावाचे आकडे पण जपून वाचा, कारण हॅमर प्राइसवर, म्हणजे शेवटच्या बोलीच्या रकमेवर, खरेदीदाराकडून वीस टक्क्यांच्या वर प्रीमियम घेतात आणि विकणाऱ्याकडून कमिशन कापतात, हातात येणारी रक्कम बरीच कमी असते. इथून पाठवायचं किंवा इथे मागवायचं तर कुरिअर आणि कस्टमचं गणित आधी करा.

रंग उडालाय म्हणून नवा रंग देणं, ही तर मला सगळ्यात जास्त त्रास देणारी गोष्ट. जुना मूळ रंग कितीही खरवडलेला असला तरी तो मूळ आहे, त्यावर ब्रश फिरवलात की किंमत धाडकन खाली. घेताना पण हेच तपासा. मुंडकं काडेपेटीची काडी घालून परत बसवलेलं असतं, हात बदललेला असतो. आणि जुना पोकळ सैनिक हातात हलका लागतो, टोपीच्या टोकाला बऱ्याचदा बारीक भोक असतं, भरीव आणि जड लागला तर नंतर साचा घेऊन ओतलेली कॉपी असण्याची शक्यता जास्त, मग जुन्याचे पैसे देऊ नका.

ठेवण्याबद्दल मात्र जरा सविस्तर सांगतो, कारण नुकसान इथे होतं आणि ते परत भरून येत नाही. शिशाच्या सैनिकावर राखाडी-पांढरी पावडर दिसायला लागली तर ती धूळ नाही, शिसं गंजतंय. ओक, प्लायवूड, एमडीएफ यातून आम्लाची वाफ निघते आणि बंद कपाटात ती साठत जाते, त्यात मुंबई-कोकणातला पावसाळा म्हणजे दमट हवेची भर. असं दिसलं की तो सैनिक लगेच बाकीच्यांपासून वेगळा करा, फुंकर मारू नका, घासू नका, हात धुवा, लहान मुलांना लांब ठेवा कारण ही पावडर विषारी असते. बाकीचे काचेच्या किंवा लोखंडी कपाटात हलवा, थोडी हवा खेळू द्या, गुंडाळायला वर्तमानपत्र नको, अॅसिड-फ्री टिश्यू म्हणजे आम्ल नसलेला पातळ कागद मिळतो तो घ्या.

मित्राला मी सांगितलंय की सगळे सेट एकदम एका लॉटमध्ये देऊन टाकू नकोस, एकेक करून वेगळे विकायला लाव, सर्टिफिकेटचा नंबर आणि बॉक्सचे कोपरे फोटोत दिसू देत. बँडचा एक सेट तो ठेवणार आहे, काकांचा आवडता होता तो.