आयपीव्ही ६ वर मोठ्या फाइल अडकत होत्या: माझा अनुभव
ऑफिसात आयपीव्ही ६ (इंटरनेट प्रोटोकॉलची नवी आवृत्ती) चालू केलं. साइट्स उघडत होत्या, पण मेलला मोठी फाइल जोडली की अपलोड तिथेच थांबायचं. आयपीव्ही ४ वर हीच फाइल सहज जायची.

छोटं जातं, मोठं गायब होतं, म्हणजे पहिली शंका एमटीयूची (लाइनवरून जाणाऱ्या एका पॅकेटचा कमाल आकार). आमची लाइन पीपीपीओईची (लॉगिन करून जोडली जाणारी ब्रॉडबँड). म्हणून एमटीयू नेहमीच्या १५०० ऐवजी १४९२ बाइटचाच. पिंगमधून १४४४ बाइटचा डेटा जायचा, १४४५ चा नाही. (उरलेले ४८: ४० आयपीव्ही ६ हेडरचे, ८ आयसीएमपीचे. पिंग आणि एररचे निरोप नेणारा प्रोटोकॉल तो हाच.)

आयपीव्ही ६ मध्ये वाटेतला राउटर पॅकेटचे तुकडे करत नाही. पॅकेट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला ‘पॅकेट टू बिग’ कळवतो. मधल्या फायरवॉलवर पिंग सोडून बाकी आयसीएमपी सरसकट अडवणारा जुना नियम होता, त्यामुळे तो निरोप पीसीपर्यंत येतच नव्हता. आयपीव्ही ४ ला राउटरवर एमएसएस क्लॅम्पिंग (टीसीपी जोडणी होतानाच एका पॅकेटमधल्या डेटाची कमाल मर्यादा कमी करून ठेवणं) होतं, म्हणून तिथे दुखणं दिसलं नाही.

आयसीएमपीव्ही ६ चे टाइप १ ते ४, म्हणजे एररचे निरोप (‘पॅकेट टू बिग’ त्यातलाच), मोकळे केले. अपलोड लगेच सुरू! जोडीला आयपीव्ही ६ साठी एमएसएस १४३२ वर बांधला. पण नुसत्या क्लॅम्पिंगवर भागवू नका. ते फक्त टीसीपीला लागू पडतं, यूडीपीवर चालणाऱ्या व्हीपीएनला नाही.